सीआर-१ चा (अमेरिकन नवऱ्याकडे कायमचं जायच्या व्हिसाचा) इंटरव्ह्यू, मुंबई कॉन्सुलेट. सोलापूरकर कुणी देऊन आलंय का?

मंद्रूपची_पोर
बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लग्नाला वीस महिने झाले, नवरा अमेरिकन सिटिझन (सासरचे मूळ अक्कलकोटचे पण तो सहावीपासून तिकडेच), आय-१३० (नवऱ्याने भरायचा अर्ज) झालं, एनव्हीसीचं (तिकडचं नॅशनल व्हिसा सेंटर) झालं, डीक्यू (कागद पुरे असल्याचा शेरा) झालं आणि काल इंटरव्ह्यूचं पत्र आलं, ऑक्टोबरची तारीख, बीकेसीला. घरात पेढे वाटून झाले आणि मी रात्रभर जागी.

कारण असं की आमचं लग्न म्हणजे बघायच्या कार्यक्रमापासून अक्षतांपर्यंत तेवीस दिवस. तो सुट्टी काढून आला, मी पाचवी मुलगी, पसंती, सुपारी, हळद सगळं संक्रांत गेल्या गेल्या धडाधड, आणि लग्नानंतर बाराव्या दिवशी त्याचं विमान. मधे गेल्या दिवाळीला तीन आठवडे आला होता. म्हणजे नवऱ्याबरोबर मी एकूण जेमतेम महिनाभर राहिलेय. नेटवर बघावं तर लोकांचे पुरावे काय, सहा वर्षांची ओळख, दोघांचं बँक खातं, गोव्याचे फोटो. आमचे फोटो ४०० आहेत पण प्रत्येकात दोन्ही बाजूला मामा.

दुसरं म्हणजे नाव. माझं नाव समजा भाग्यश्री. सासूबाईंनी तांदळात गौरी लिहायला लावलं. पासपोर्ट, लग्नाचा दाखला सगळीकडे भाग्यश्री, पण नवरा, सासर, चॅट, त्याने पाठवलेल्या पार्सलवरचा पत्ता सगळीकडे गौरी. रिसेप्शनच्या बॅनरवर तर गौरी एवढ्या मोठ्या अक्षरात आणि तोच फोटो मी एनव्हीसीला अपलोड केलाय. आता ऑफिसरने विचारलं ही गौरी कोण, तर?

होटगी_रोड
टेन्शन नको घेऊस गं. माझ्या वहिनीला इंटरव्ह्यूच नव्हता, ड्रॉपबॉक्सला पासपोर्ट टाकला, पंधरा दिवसात स्टॅम्प होऊन आला. नवऱ्याच्या पेस्लिपा तेवढ्या ने.

बार्शीलाइट
होटगी रोड, तुमच्या वहिनीचा एच-४ असणार, भाऊ एच-१बी वर नोकरीला असेल, त्याच्या बायकोला तो मिळतो. तो तात्पुरता व्हिसा, त्याची तऱ्हा वेगळी. हिचा इमिग्रंट व्हिसा आहे, विमानतळावर उतरली की ही ग्रीन कार्डवाली. हिला खिडकीसमोर उभं राहावं लागणार. दोन्हीत गल्लत झाली की माणूस भलतेच कागद घेऊन जातो, म्हणून लिहिलं, राग नको.

पेस्लिपचं म्हणाल तर इथे आय-८६४ असतो, म्हणजे नवरा लिहून देतो की बायकोचा भार सरकारवर पडू देणार नाही. त्याचं उत्पन्न त्यांच्या गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी पाहिजे, २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर. त्याच्या टॅक्सचे ताजे कागद मागवून ठेवा, एनव्हीसीला टाकलेले जुने झाले असतील.

आता मंद्रूपची, तुमच्या दोन भीतींपैकी पहिली सोडून द्या, दुसरी मात्र खरी आहे. तेवीस दिवसांत लग्न याचं मुंबईत बसलेल्या ऑफिसरला काही वाटत नाही, त्याच्यापुढे दिवसभर अशीच लग्नं येतात. त्याला खटकतं ते याच्या उलट. लग्नाला दहाच माणसं, आईबाप फोटोत नाहीत, नुसती नोंदणी करून दुसऱ्या दिवशी अर्ज. म्हणजे ते मामा तुमच्या कामाचेच आहेत. ४०० फोटो नेऊ नका, पंचवीस-तीस निवडा, मागे पेन्सिलीने तारीख, जागा, कोण कोण ते लिहा. दिवाळीला तो आला त्याची तिकिटं आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स घ्या, कॉलची यादी दर महिन्याची एक पान पुरे, पैसे पाठवले असतील तर त्याच्या पावत्या. चॅटचं बाड नेऊ नका, कुणी वाचत नाही.

नावाचं मला एवढंच सांगा, डीएस-२६० म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये "याआधी दुसरं नाव वापरलंय का" असा प्रश्न असतो, तिथे गौरी लिहिलंय का?

मंद्रूपची_पोर
नाही ना!! मला वाटलं कागदावरचं नाव विचारतायत. मी नो करून पुढे गेले.

बार्शीलाइट
घाबरू नका. एनव्हीसीला लिहून फॉर्म परत उघडून घेता येतो, आता इंटरव्ह्यू इतका जवळ आलाय तर खिडकीवर स्वतःहून सांगितलं तरी तिथे दुरुस्ती करतात. त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही सांगायचं, एवढंच.

पेठेतली_मावशी
वाचून जुने दिवस आठवले गं. माझा इंटरव्ह्यू २००३ ला झाला, तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं, लिंकन हाऊस, म्हणजे पूर्वीचा वांकानेरच्या राजांचा बंगला. बीकेसीला ते २०११ ला गेलं. आम्ही फुटपाथवर रांगेत, वडील पलीकडे झाडाखाली डबा घेऊन.

मी पण नवऱ्याबरोबर सोळाच दिवस राहिलेली. ऑफिसर बाईने विचारलं, तुमचे मिस्टर सकाळी नाश्त्याला काय खातात. आता मला काय माहीत हो तिकडे काय खातात. मी म्हटलं तिकडचं मला ठाऊक नाही, इथे होते तेव्हा सासूबाई रोज शिरा करायच्या आणि ते रोज अर्धा टाकायचे. बाई हसली आणि पुढे काही विचारलंच नाही. माझ्यापुढच्या मुलीने मात्र सगळं पाठ केलं होतं, घड्याळाचे टोले पडावेत तशी उत्तरं, तिला वीस मिनिटं उभी केली. माहीत नाही ते माहीत नाही म्हण, एवढं माझं ऐक.

गड्डा_पाळणा
काय बे मावशी, शिऱ्यावर व्हिसा! आमच्याकडं तर शिरा टाकला म्हणून पाव्हणे रुसतेत.
ताई तुम्ही सोलापूरच्या, संमती कट्टा काय असतो ते समजावून सांगा त्या ऑफिसरला, सिद्धेश्वर महाराजांच्या अक्षता हजारो लोकांसमोर पडतेत दरवर्षी, आमच्यात लग्न असंच सगळ्यांसमोर होतंय म्हणावं, पुरावा पाहिजे तर आख्खं गाव आणतो.

साखरपेठ_२२
अंधारात तीर नको म्हणून माझा अनुभव लिहितो, बायकोचा झालाय दोन वर्षांपूर्वी. आम्हाला २२१ जी ची चिठ्ठी हातात दिली. कारण काय तर बायकोच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा. जन्म गावात घरी झालेला, आजोबांनी "मुलगी" म्हणून नोंद केली आणि नाव टाकायचं राहून गेलं ते तीस वर्षं राहिलंच. शाळेचा दाखला होता, आधार होतं, पण त्यांना तो दाखला पूर्ण पाहिजे. मग नाव लावून घ्यायला चकरा, कधी साहेब मीटिंगला, कधी रजिस्टर तालुक्याला, कधी सर्व्हर डाऊन. सहा आठवडे गेले. २२१ जी म्हणजे कायमचा नकार नव्हे, कागद दिला की फाईल पुढे सरकते, पण बायको घरी येऊन रडली ते रडलीच.

तेव्हा आजच्या आज दाखला उघडून बघा. आणि मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्याने मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे असं लिहून सही करायची. अपलोड केले असले तरी ओरिजिनल सगळे बरोबर न्यायचे.

नवीन_सभासद_४७
मॅडम आमच्याकडे स्पाऊस व्हिसाचे २०० प्रश्न उत्तरासह पीडीएफ व ३ मॉक इंटरव्ह्यू पॅकेज आहे १००% सक्सेस इनबॉक्स करा

विजापूर_वेस
हे पॅकेज नको घेऊस. माझ्या भावाने असल्याच एका एजंटला पैसे दिले होते, नाव लिहीत नाही. त्याने वहिनीला शिकवलं की तुमची ओळख कॉलेजपासूनची आहे असं सांगा, अरेंज मॅरेज म्हटलं की शंका घेतात. घरातल्यांनी वेळेत ऐकलं म्हणून बरं, नाहीतर बघायच्या कार्यक्रमाचे फोटो एका तारखेचे, आणि तोंडाने वेगळंच. खोटी माहिती देऊन व्हिसा घ्यायला गेलेलं सापडलं तर कायमची बंदी लागते, नंतर ती काढायला वकील, माफीचा अर्ज, वर्षानुवर्षं.

उडती_चादर
माझी दोन पैशांची भर, फक्त मेडिकलबद्दल. कॉन्सुलेटच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावं लागतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, लशींचा हिशोब. लहानपणीचं लसीचं कार्ड कुणाकडे नसतं, मग काही डोस परत टोचतात, चालतंय. पण ज्याला कधी टीबी होऊन गेलाय त्याने उशीर करू नये. मला अकरावीत झाला होता, पूर्ण कोर्स करून बरा झालो, तरी एक्स-रेत डाग दिसला. मग थुंकीचे तीन नमुने आणि कल्चर, त्याला आठ आठवडे लागतात, त्यात कुणाची ओळख चालत नाही. मी इंटरव्ह्यूच्या दहा दिवस आधी मेडिकल केलं आणि घोडचूक केली. जुने उपचाराचे कागद घरात असतील तर घेऊन जा.

मंद्रूपची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. जन्मदाखला बघितला, नाव आहे, देवाची कृपा, स्पेलिंगमध्ये एक एच जास्त आहे पण पासपोर्टशी जुळतंय. टीबी नाही. पीसीसीचं (पोलीस क्लिअरन्सचं) सांगते, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातच काम झालं, मी उगाच पुण्याला जायच्या तयारीत होते.

फोटोची मात्र गंमत झाली. सात रस्त्याजवळ स्टुडिओत गेले, पांढरं बॅकग्राउंड, दोन इंच बाय दोन इंच, चष्मा काढून, सगळं सांगितलं. त्या दादाने प्रेमाने मला गोरी करून दिलं, गालावरचा तीळ पण पुसला. म्हणे ताई अमेरिकेचं काम आहे ना. परत जाऊन तीळ लावून आणला.

गड्डा_पाळणा
तीळ लावून आणला 😂😂 त्याचे वेगळे पैशे घेतले का बे

नदीपलीकडे
थोडं अवांतर. जर्मनीचं कुणाला माहितेय का? माझा नवरा तिकडे वेल्डिंग इंजिनियर आहे, मला जर्मन भाषेची ए१ ची परीक्षा लागेल म्हणतात.

बार्शीलाइट
नवरा ब्लू कार्डवर किंवा कुशल कामगाराच्या परवान्यावर असेल तर भाषेची अट नाही, नाहीतर बहुतेक वेळा ए१ लागतं, पुण्याला मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होते. आणि लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल (परदेशासाठीचा सरकारी शिक्का) करून घ्यायला पैसे घालवू नका, जर्मनी भारतीय कागदांवरचं अपोस्टिल मानत नाही. वेगळा धागा काढा, इथे खिचडी होईल.

मंद्रूपची_पोर
एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली नाही, इथे नाव दिसत नाही म्हणून लिहितेय. २०१९ ला मी एमएससाठी एफ-१ ला, म्हणजे स्टुडंट व्हिसाला गेले होते, रिजेक्ट झाला. २१४ बी. दोन मिनिटांत. सासरी हे माहीत नाही, नवऱ्याला माहीत आहे. आई म्हणते आता जुनं उकरू नकोस, नवीन पासपोर्ट आहे, त्यांना कुठं आठवतंय. डीएस-२६० मध्ये मी खरं लिहिलंय पण आता खिडकीवर विचारलं तर काय बोलू?

पेठेतली_मावशी
अगं खरं लिहिलंस ना, मग झालं. तुझ्या बोटांचे ठसे तेव्हाच घेतलेत त्यांनी, पासपोर्ट बदलून बोटं थोडीच बदलतात.

बार्शीलाइट
मावशींशी शंभर टक्के सहमत. २१४ बी चा अर्थ एवढाच की तेव्हा त्यांना वाटलं तुम्ही शिकून परत येणार नाही. आता तर तुम्ही कायमचं राहायलाच चाललाय आणि तसं सांगूनच चाललाय, त्यामुळे ते कारण इथे लागूच होत नाही. तो नकार लपवला असता तर मात्र ते खोटं बोलणं झालं असतं. विचारलं तर एका वाक्यात सांगा, कुठलं कॉलेज, कुठलं वर्ष, नाकारला. रडगाणं नको, फीचं, एजंटचं काही नको.

सासरी सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, तो व्हिसाचा प्रश्न नाही.

विजापूर_वेस
नवऱ्याला तेवढं विचारून ठेव की त्याच्या घरच्यांचं तिकडे कोण कोण, सध्या कुठल्या गावात राहतो, भाड्याचं का स्वतःचं, पगार साधारण किती, कंपनी काय बनवते. आपल्याकडच्या मुली "आयटीत आहेत" एवढंच सांगतात. आयटीत म्हणजे काय करतो ते नवऱ्याला एकदा समजावून सांगायला लाव, त्यालाही बरं वाटेल.

आणि कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाची घटस्फोटाची डिक्री लागते, स्टॅम्प पेपरवरच्या सोडचिठ्ठीच्या भरवशावर जाऊ नका.

होटगी_रोड
जायचं कसं ठरवलंस? वंदे भारतने जाऊ नकोस, ती सकाळी सुटून दुपारी पोचते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघ, दादरला उतर, आता दादरहून मेट्रो आहे थेट बीकेसीला. पण बोटांच्या ठशांची व्हीएसीची (व्हिसा केंद्राची) अपॉइंटमेंट इंटरव्ह्यूच्या आधीची असते, म्हणजे एक मुक्काम धरूनच चल. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, मोठी बॅग पण नाही, बरोबरच्या माणसाकडे देऊन ठेव.

---

मंद्रूपची_पोर
झाला!!! सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः असे धागे शोधून शोधून वाचलेत.

बाबा आणि मी सिद्धेश्वरने गेलो. मावशी, तुमच्या वडिलांसारखेच माझे बाबा बाहेर, फक्त झाडाऐवजी काचेच्या बिल्डिंगची सावली. आत गेल्यावर पहिल्या खिडकीवर आपल्यातल्याच एक बाई होत्या, त्यांनी ओरिजिनल कागद एकेक करून घेतले, लग्नाचा दाखला, जन्मदाखला, पीसीसी, नवऱ्याचे टॅक्सचे कागद. मी तिथेच सांगितलं की मॅडम फॉर्ममध्ये एक नाव लिहायचं राहिलंय. त्यांनी मान वर पण केली नाही, म्हणाल्या सासरचं नाव का, आणि लिहून घेतलं. मी महिनाभर ज्याच्यासाठी झोपले नाही ते असं अर्ध्या मिनिटात.

मग बसायला लावलं, खूप वेळ. शेजारी जळगावची एक मुलगी होती, तिच्या फाईलला मागे टाके घालून शिवलेलं होतं, तिच्या सासऱ्यांनी शिवलं म्हणे सुतळीने.

दुसऱ्या खिडकीवर ऑफिसर, तरुण होता. इंग्लिश, हिंदी की मराठी विचारलं. मी आधी इंग्लिश म्हटलं, मग हात वर करून शपथ घेतली आणि तोंड कोरडं पडलं, म्हटलं मराठी चालेल का. दुभाष्या ताई आल्या. प्रश्न: नवरा काय करतो, पहिल्यांदा कुठे भेटलात, तेव्हा बरोबर कोण कोण होतं, लग्नानंतर तो किती वेळा आला. बघायच्या कार्यक्रमाला तुम्ही दोघं एकटे किती वेळ बोललात? मी खरं सांगितलं, गच्चीवर पंधरा मिनिटं, आणि त्यातली पाच मिनिटं माझा चुलत भाऊ कपडे काढायला आला होता. दुभाष्या ताईंनी "वाळत घातलेले कपडे" असं नीट भाषांतर केलं म्हणून वाचले.

फोटोंतला एकच उचलला, बॅनरचा. व्हॉट डज दिस से? मी म्हटलं गौरी, ते माझंच नाव, लग्नात नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहिलं. त्याने विचारलं तुम्हाला ते नाव आवडतं का. हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता, सासरी नाही, माहेरी नाही. मी म्हटलं, अजून सवय होतेय. एफ-१ चं शेवटी विचारलं, सांगितलं, त्याने स्क्रीनवर बघून मान हलवली. पासपोर्ट ठेवून घेतला आणि अप्रूव्ह्ड म्हणाला. मामांचे फोटो बघितलेच नाहीत.

पेठेतली_मावशी
गौरीबाई भाग्यश्रीबाई, दोघींचं अभिनंदन!

साखरपेठ_२२
अभिनंदन. निघायच्या आधी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरून टाका, कार्ड त्यावरच छापून येतं. आणि बंद पाकीट दिलं असेल तर फोडू नका, तिकडे उतरल्यावर तेच मागतात.

बार्शीलाइट
अभिनंदन. आता एक महत्त्वाचं. संक्रांतीनंतर लग्न म्हणालात, म्हणजे दोन वर्षं जानेवारीत पुरी होतात ना? तुम्ही अमेरिकेत पाऊल ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोनच वर्षांचं कार्ड मिळतं, मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (पक्क्या कार्डाचा अर्ज) भरायचा, परत पुरावे, परत फी. दोन वर्षं उलटून गेलात तर आयआर-१ धरतात आणि दहा वर्षांचं कार्ड. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असलं तरी विमानतळावरच्या ऑफिसरला लग्नाचा दाखला दाखवून आयआर-१ करून मागा. व्हिसाची शेवटची तारीख मात्र आधी बघा, ती मेडिकलवर ठरते, बहुतेक सहा महिन्यांची असते.

विजापूर_वेस
बार्शीलाइट, पोरगी वीस महिने थांबलीय, आता अजून तीन महिने थांब म्हणताय. मी असते तर पहिल्या विमानाने गेले असते, भरू की आय-७५१.

गड्डा_पाळणा
जानेवारी म्हणजे गड्डा बे, आपल्या सिद्धेश्वरची जत्रा! गड्डा सोडून कुठं जातेय ही.

मंद्रूपची_पोर
पासपोर्ट आला, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत व्हिसा आहे. चार दिवस घरात हाच विषय. नवऱ्याचं म्हणणं लगेच ये, पुढचं पुढे बघू. सासूबाई म्हणाल्या दहा वर्षांचं मिळतंय तर दोनचं का घ्यायचं, चादर घेताना पण आपण धुऊन टिकते का बघतो. आई काही बोलली नाही, पण मी तीन महिने अजून इथे म्हटल्यावर तिने लगेच शेंगा भाजायला घेतल्या, म्हणे चटणी ताजी करून देईन निघताना, आत्ताची तुझ्या बाबांना.

लग्नाची तारीख २९ जानेवारी. तिकीट २ फेब्रुवारीचं काढलंय. नवरा दोन दिवस फुगून बसला होता, काल फोनवर पहिल्यांदा भाग्यश्री म्हणाला, बहुतेक राग आलाय म्हणून.

कडक भाकरी बॅगेत चुरा न होता कशी न्यायची ते कुणी सांगेल का?

पेठेतली_मावशी
स्टीलच्या डब्यात, मधे मधे कागद घालून. आणि डबा हातातल्या बॅगेत ठेव, टाकायच्या बॅगेत नको.